आलं का?

आमचे दाजी समोरच्याचा चेहरा बघत नाहीत, चेहऱ्यावर उजेड कुठून पडलाय ते बघतात. गेल्या दिवाळीला मी पुण्याहून गेलो, जिन्यातच वाकून नमस्कार केला, तर आशीर्वादाचा हात हवेत थांबवून म्हणाले, "सालेसाहेब, एक पायरी वर ये बरं. तिथं तुझ्या डोळ्यांखाली सावली पडतेय."

('सालेसाहेब' हा शब्द पुण्यात कुणी काढला तर बाह्या सरसावल्या जातील. माळव्यात तो मानाचा आहे. पहिली दोन वर्षं मला गिळायला जड गेला. आता दाजींनी नुसती नावाने हाक मारली तर माझं काही चुकलं का, असं वाटतं.)

दाजींचं घर उज्जैनला, देवास गेटच्या बसस्टँडमागच्या गल्लीत. पणजोबा शिंदे सरकारच्या चाकरीत ग्वाल्हेरहून इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, बाजारात हिंदी, भांडणात दोन्ही. एका अंगाला रेल्वे स्टेशन, दुसऱ्या अंगाला बसस्टँड आणि मधल्या जागेत लॉजवर लॉज, त्यामुळे या भागाला झोप म्हणून नाही. महाकालाची भस्म आरती पहाटे 4 वाजता. तिच्यासाठी लोक रात्री 1 वाजल्यापासूनच लॉजमधून बाहेर पडू लागतात. दिवसा आयटीत बसणारी पोरं नवी कोरी धोतरं सांभाळत ई-रिक्षात चढतात. ती गेली की पोहे-जलेबीवाला कढई मांडतो, तोवर इंदूरची पहिली बस गुरगुरायला लागते. एवढ्या वर्दळीत चोर शिरणार कुठून, असं मी एकदा म्हणालो. दाजी म्हणाले, "गर्दीतच शिरतो. आणि चोराचं काय घेऊन बसलास? चित्र साफ यायला हवं."

ही खरी गोम. प्रत्येक खानदानात एक माणूस असतो ज्याला चालू वस्तू बघवत नाही. बंद पडलेली वस्तू दुरुस्त करणारे वेगळे, ते उपयोगाचे असतात. दाजी चालू वस्तू 'जरा सेट' करणाऱ्यांतले. शाळेत असताना बुधवारी रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागली की घरचे गाणी ऐकायचे आणि दाजी खरखर ऐकायचे. तांब्याची तार खिडकीतून लिंबाच्या झाडापर्यंत नेऊन त्यांनी ती खरखर बरीच कमी केली होती म्हणतात, तरी सरताज गीत कुठलं लागलं ते त्यांना कधीच सांगता आलं नाही. मग 25 जानेवारी 1987 ला दूरदर्शनवर रामायण सुरू झालं. ताई नवी नवरी. अख्खी गल्ली बैठकीत मांडी घालून बसलेली आणि जावईबापू गच्चीवर अँटेना धरून. वरून "आलं का?", खालून ताई "आलं!", लगेच "गेलं!". लग्नानंतरचं पहिलं वर्ष आमच्यात एवढंच बोलणं झालं, असं ताई सांगते. राम वनवासाला निघाला तेव्हा दाजी गच्चीवर होते, परत आला तेव्हाही गच्चीवरच होते.

पुढे केबल आली आणि दाजी बेकार झाले. नोकरी चालू होती, पोरं वाढत होती, पण फिरवायला हाताखाली काही नव्हतं. हा उपास 2016 च्या सिंहस्थापर्यंत चालला. त्या महिन्याभरात शहरात माणसांचा पूर आला, जिकडे तिकडे खांबांवर कॅमेरे लागले आणि दाजींना आपला अवतारहेतू कळला. आता 2028 चा सिंहस्थ तोंडावर आलाय, तेव्हा जुना कॅमेरा काढून नवा घेणं हे त्यांच्या लेखी धर्मकार्य होतं.

तो घ्यायला गेलो तेव्हा मी बरोबर होतो. दुकानदार पोरसवदा. त्याने खोका पुढे सरकवला. "आठ मेगापिक्सल ले जाओ भिया, रात में भी दिन दिखेगा." दाजींनी खोका उलटा केला, मागची बारीक अक्षरं दारापाशी उजेडात नेऊन हातभर लांब धरून वाचायचा प्रयत्न केला, मग मला वाचायला दिली आणि विचारलं, "सेंसर कितने का है?"

"सवा तीन हजार का."

"किंमत नहीं रे, माप. माप कितना?"

पोरगा गप्प. दाजी माझ्याकडे वळले. "हे बघ. रात्रीचा उजेड म्हणजे भुरभुर पाऊस. आणि सेन्सर म्हणजे आपली गच्ची. तिच्यावर वीस लाख पातेली मांडली तर एकेकात थेंबभर तरी पडेल. हा मला त्याच गच्चीवर ऐंशी लाख वाट्या मांडायला सांगतोय. दिवसा धो धो कोसळतंय तोवर वाट्याही भरतात. रात्री काय करायचं?" मग मोठ्या गच्चीचा, म्हणजे 1/1.8 इंची सेन्सरचा, चाळीस लाख ठिपक्यांचा कॅमेरा निघाला. त्याच्या भिंगाचा आकडा 1. हा आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं. 2 च्या ठिकाणी 1 आला तर चौपट उजेड आत येतो. दुकानदाराला हे ठाऊक नव्हतं. त्याने ते वहीत लिहून घेतलं आणि शंभर रुपये कमी केले.

खोक्यावर आणखी एक आकडा होता, 0.0005 लक्स. भर दुपारच्या उन्हात लाखभर लक्स असतात, पौर्णिमेच्या चांदण्यात जेमतेम पाव. तेव्हा हा कॅमेरा अमावास्येलाही गल्ली दाखवणार, अशी माझी समजूत झाली. दाजी नुसते हसले. "किती वेळ डोळा उघडा ठेवून काढलाय हा आकडा, ते लिहिलंय का कुठं?"

याचा अर्थ मला त्याच रात्री कळला. कॅमेरा गॅलरीच्या कठड्यावर बसला. दाजी आत पडद्यासमोर आणि मी खाली गल्लीत. अंधारात कॅमेरा दोन लबाड्या करतो. एक म्हणजे आलेला तोकडा उजेड फुगवून दाखवतो. त्यात उजेडाबरोबर घाणही फुगते आणि पडदाभर मुंग्या चालू लागतात, त्याच त्या रामायणाच्या काळातल्या. त्या पडद्यावरून निघून जात नाहीत, रेकॉर्डरमध्ये जमा होतात. प्रत्येक मुंगी हलते, म्हणजे यंत्राच्या मते काहीतरी घडतंय, म्हणजे लिहून ठेवलं पाहिजे. महिना पुरायची हार्ड डिस्क दाजींनी पहिल्या खेपेला बारा दिवसांत मुंग्यांनी भरली होती.

दुसरी लबाडी डोळा जास्त वेळ उघडा ठेवायची. सेकंदाचा पाचवा भाग उघडा ठेवला की गल्ली कशी सारवल्यासारखी स्वच्छ दिसते, दगड न् दगड मोजून घ्या. फक्त माणूस हलता कामा नये. माणूस सेकंदाला सव्वा मीटर चालतो, म्हणजे एवढ्या वेळात पाव मीटर पुढे सरकतो, आणि डोकं रुंदीला त्याहून लहान. त्या रात्री मी दिव्याच्या खांबापासून दारापर्यंत चाललो आणि वर जाऊन पाहिलं, तर माझं डोकं माझ्याच शेजारून चाललं होतं. "चोराला सांगावं लागेल, जरा थांबून चोरी कर," मी म्हणालो. दाजींनी आकडा पंचविसाव्या भागावर नेला. डोकं धडावर आलं, मुंग्या परत आल्या. "आता मधलं काहीतरी," दाजी म्हणाले. मी पुन्हा खाली गेलो. त्या रात्री मी खांब ते दार एकोणीस फेऱ्या मारल्या. पंधराव्या फेरीला समोरच्या लॉजच्या मॅनेजरने मला पाणी आणून दिलं आणि कुणाची वाट बघताय का, असं आस्थेने विचारलं.

या मॅनेजरच्या लॉजवर धावत्या अक्षरांची पाटी आहे. लाल अक्षरं येतात, विझतात, मग हिरवी येतात. आता या कॅमेऱ्याच्या पोटात एक काचेची चकती असते. दिवसा ती भिंगामागे उभी राहून अवरक्त किरण अडवते. अंधार झाला की चकती बाजूला सरकते, चित्र काळंपांढरं होतं आणि आपल्याला न दिसणारा उजेड कॅमेऱ्याला दिसायला लागतो. सरकताना आवाज होतो, टक्. पाटी पेटली की कॅमेऱ्याला वाटायचं उजाडलं, टक्. विझली की मावळलं, टक्. रात्रभर त्या कॅमेऱ्याच्या पहाटा होत होत्या, आणि ताईची उशी भिंतीच्या अलीकडे, कॅमेरा पलीकडे. तिसऱ्या रात्री ती उठून दाजींना म्हणाली, "एक तर त्याला दिवस कळू द्या, नाहीतर मला रात्र." दाजींनी सेटिंगमध्ये जाऊन सांगून टाकलं की उजेड सलग टिकल्याखेरीज पहाट मानायची नाही. अशी सोय माणसांत हवी होती, असं ताईचं म्हणणं आहे.

खालच्या दोन खोल्या ताई यात्रेकरूंना देते. रेकॉर्डरचा पडदा त्या ओसरीवर. एकदा जळगावकडच्या एक आजी रात्री भस्म आरतीला निघताना पडद्यासमोर थांबल्या. अंगणातल्या तुळशीभोवती पांढरे तेजोगोल फिरत होते. एक वर गेला, विरला, दुसरा आला. आजींनी चपला काढल्या, हात जोडले आणि रेकॉर्डरवर 11 रुपये ठेवले.

"आजी, ते चिलट आहे," दाजी म्हणाले. "कॅमेऱ्याभोवती बारीक दिवे असतात. त्यांचा उजेड आपल्याला दिसत नाही, पण जवळून किडा गेला की तो असा..."

"तुम्हाला चिलट दिसत असेल," आजी म्हणाल्या, आणि निघाल्या.

ते 11 रुपये अजून तिथेच आहेत. दाजींना उचलवत नाहीत. चिलटांमागे कोळी आला, त्याने भिंगासमोर जाळं विणलं, आणि जाळ्यावर उजेड आपटून सगळं चित्र पिठात लोळल्यासारखं झालं. कोळ्यामागे पाल आली. पाल भिंगावरून चालते तेव्हा घोरपड गल्ली ओलांडतेय असं दिसतं. यावरचा जाणत्यांचा उपाय साधा. कॅमेऱ्यातले दिवे बंद ठेवायचे आणि अवरक्त दिवा वेगळा, हातभर लांब लावायचा. किडे दिव्याकडे, कॅमेरा मोकळा. दाजींनी तेही केलं. मग दिव्याचा झोत शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर पडून भिंत सूर्यासारखी तळपायला लागली आणि भिंतीपलीकडचं जग काळोखात गेलं. दाजी शेजाऱ्यांकडे भिंतीचा रंग बदलता का, म्हणून विचारायला गेले होते. शेजाऱ्यांनी चहा पाजून परत पाठवलं.

या सगळ्या खटाटोपात चोर एकदाच आला. त्याच आजींच्या मुलाच्या नव्या चपला गेल्या. दाजींचा चेहरा असा उजळला की, मुलगा चपलांचं दुःख विसरून त्यांच्याकडे बघत राहिला. चित्र काढलं. वेळ 2 वाजून 40 मिनिटं, माणूस मध्यम बांध्याचा, शर्ट पांढरा स्वच्छ. दाजींनी गल्लीभर जाहीर केलं. पुढचे तीन दिवस गल्लीतले सगळे पांढरे शर्ट संशयात होते, त्यात एक वकील आणि एक शाळामास्तर. चौथ्या दिवशी पोहेवाला कागदावर पोहे ओतता ओतता सहज म्हणाला, "काला शर्ट था भिया. मेरे सामने से निकला, जीरावन माँग के गया."

"कॅमेरा झूठ नहीं बोलता," दाजी म्हणाले.

"तो फिर मैं बोल रहा हूँ?" पोहेवाल्याने वर शेव टाकली. जरा कमीच टाकली.

दाजींनी त्या रात्री घरातलं कपाट उपसलं. दोरी बांधली, तिच्यावर काळे कपडे टांगले आणि अवरक्त दिवा लावला. पडद्यावर जे दिसलं ते मीही पाहिलंय. माझी काळी सुती पँट दुधासारखी पांढरी. मुलाचा काळा टीशर्ट राखाडी. छत्री मात्र काळीच. कापडाचा काळेपणा आपल्या डोळ्यापुरता असतो. पुष्कळसे रंग अवरक्त उजेड शोषत नाहीत, परत फेकतात, मग कॅमेऱ्याला ते कापड पांढरं. साधूंची भगवी वस्त्रंही त्यात धुतल्यासारखी दिसतात. वकिलाची मनातल्या मनात माफी मागून दाजी या शोधात रमले. दोरीवरचं एकेक कापड उतरवून कागदावर टाचण करत होते. तेवढ्यात ताई बाहेर आली आणि पडद्याकडे बघून जागीच थांबली. दोरीच्या टोकाला तिची चंद्रकळा होती, लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीची. पडद्यावर ती पांढरीफेक.

"काढा ती," ताई म्हणाली.

"अगं, शास्त्र आहे हे..."

"माझं पांढरं पातळ दोरीवर बघायची एवढी घाई झालीय का तुम्हाला? तुम्ही असताना?"

दाजींनी चंद्रकळा आपल्या हाताने घडी घालून कपाटात ठेवली. आठवडाभर जेवताना कॅमेऱ्याचा विषय निघाला नाही.

आठव्या दिवशी ताईनेच काढला. तिने अंगणातल्या होल्डरला 9 वॉटचा साधा एलईडी दिवा लावला आणि बटण दाबलं. पडद्यावर टक् झालं. गल्ली रंगीत झाली, तुळस हिरवी, शेजाऱ्यांची स्कूटर निळी, मुंग्या गेल्या, चिलटं गेली, समोरच्या मॅनेजरच्या शर्टाची बटणंसुद्धा दिसली. साठ-सत्तर रुपयांचा दिवा. दाजी दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग उठून त्यांनी बटण बंद केलं.

"उजेडात काय," म्हणाले, "कोणीही बघेल."

मला हसू आवरेना. पण त्याच संध्याकाळी आम्ही चामुंडा मातेच्या चौराह्याकडून परत येत होतो. बसस्टँडमधून एक बस वळली, हेडलाइटचा झोत थेट आमच्यावर. दाजी रस्त्याच्या मधोमध थांबले. "असा झोत आला ना, की कॅमेरा घाबरतो," ते सांगू लागले. "झोताला जुळवून घेतो आणि बाकी सगळं काळं करतो. मग त्याला सांगावं लागतं की प्रखर तेवढं झाक, उरलेलं बघ. भिंगावर धूळ असली तर आणखी वाईट, दिव्याभोवती प्रभावळ दिसते, मोराच्या पिसासारखी..." बोलत होते कॅमेऱ्याबद्दल. पंजा माझ्या कोपरावर घट्ट होता, आणि बस जाऊन बराच वेळ झाला तरी सुटला नव्हता.

ताईला स्वयंपाकघरात विचारलं. ती पोळी लाटत म्हणाली, "दोन वर्षं झाली डॉक्टरांनी सांगून. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. हे म्हणतात, पिकू दे. अरे, आंबा आहे का तो? कॅमेऱ्याची काच दर रविवारी मऊ फडक्याने पुसतात." तिने पोळी तव्यावर टाकली. "बोलू नकोस त्यांच्यापाशी. बोललं की गॅलरीत जाऊन बसतात."

मी बोललो नाही. नाही म्हणायला आडून एकदा विचारलं, डोळ्याच्या भिंगाचा आकडा किती असतो हो दाजी? त्यांना प्रश्न फार आवडला. "तरुणाची बाहुली अंधारात चांगली मोठी होते," म्हणाले. "वय झालं की तेवढी उघडत नाही. भोकच लहान होतं." आणि जरा थांबून, "तिथं सेटिंग नाही ना."

निघायच्या दिवशी मला इंदूरची पहिली बस धरायची होती. ताईने दशम्या बांधून दिल्या, दाजी खाली आले नाहीत. पहाट व्हायला अवकाश होता, थंडी होती म्हणून टोपी घातली. गल्लीच्या तोंडाशी पोहेवाल्याच्या कढईवर वाफ चढलेली, बसच्या दारात कंडक्टर "इंदौर, इंदौर, इंदौर" करत लोंबकळत होता. मी पायरीवर पाय ठेवला आणि फोन वाजला.

"सालेसाहेब, बसलास का?"

"बसतोय दाजी."

"एक मिनिट. तू दारातून निघालास ना, त्यात चेहरा येत नाहीये. धूसर येतोय. खांबापासून एकदा पुन्हा चाल बरं. सावकाश. आणि वर बघ."

मागून ताईचा आवाज आला, "अहो, चांगला स्वच्छ दिसतोय की तो. टोपीवरची अक्षरंसुद्धा वाचता येतायत."

फोनवर थोडा वेळ कुणीच बोललं नाही. नुसती टक् अशी बारीक चाहूल आली.

"ये तू," दाजी म्हणाले. "एकदाच."

मी कंडक्टरला हात केला, बॅग पोहेवाल्याच्या बाकड्यावर ठेवली, टोपी काढून खिशात घातली आणि खांबाशी जाऊन उभा राहिलो. गॅलरीत लाल ठिपका बारीक पेटलेला होता. त्याच्याकडे तोंड वर करून मी सावकाश चालायला लागलो.

"आलं का?" मी खालून विचारलं.